पाटीवर होतं तेच

आमच्या गिरणीतल्या बायका बोलताना आवाज काढत नाहीत. विणाईखात्यात शेकडो माग एकदम धडधडत असतात, कानठळ्या बसतात, तिथं घसा फोडून काही उपयोग नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. शब्द नीट चावायचा, तोंड पुरेसं उघडायचं, की पलीकडच्या रांगेतल्या बाईला तो दिसतो. तिचा धागा तुटलेला असला तरी एक डोळा तुमच्या तोंडावर असतोच. सासवांच्या कागाळ्या, बाळंतपणं, मुकादमाच्या टकलावरचे विनोद, सगळं त्या कल्लोळात बिनबोभाट चालतं. मुकादम मधोमध उभा राहून मान डोलावतो. त्याला वाटतं, बायका बिचाऱ्या मुकाट्यानं काम करतायत.

यात घोटाळेही होतात. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. माझ्या शेजारच्या मागावरच्या बाईला एकदा कोणीतरी सांगितलं, "घरी मामा आलेत." तिनं वाचलं "बाबा आलेत". तिचे बाबा कधीच वारले होते. ती जागच्या जागी मटकन बसली आणि तिचा माग बंद करायला मला धावावं लागलं. क आणि ग तर घशातच राहतात, बाहेर दिसतच नाहीत. म्हणून 'नको' म्हणायचं असलं की अंगठा हनुवटीवरून आडवा फिरवायचा, अशी आमच्यात रीत आहे. आणि निरोप पोचला की वाचणारीनं हात वर करायचा. नाहीतर सांगणारी तेच तेच सांगत बसते.

माझी ताई या बोलण्यात सगळ्यांच्या वरचढ. खात्याच्या या टोकाला उभी राहून ती त्या टोकाच्या दाराशी चाललेलं भांडण वाचायची आणि आम्हाला जसंच्या तसं सांगायची. तिचा थोरला मुलगा त्या खात्यातच वाढला. तान्हा असताना मागाखाली टोपलीत झोपायचा. बोबडं बोलायला लागण्याआधी तो आईचे ओठ वाचायला लागला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मोठा झाल्यावर तो मागांच्या दुरुस्तीवर लागला. लढाई सुरू झाली तेव्हा पहिल्याच खेपेला त्याला घेऊन गेले.

धाकट्याची गोष्ट वेगळी. तो पोटात असतानाच माझे भाऊजी गेले. कापसाच्या तुसानं छाती भरली होती त्यांची, शेवटी शेवटी बसूनच झोपायचे. ताईनं तेव्हाच ठरवलं की हा मुलगा गिरणीच्या फाटकात पाऊल टाकणार नाही. तिनं त्याला पावाच्या भट्टीवर लावला. पोरगं गुटगुटीत झालं, गाल लाल, छाती मोकळी. फक्त त्याला ओठांवरचं एक अक्षर वाचता येईना. आम्ही दोघी बहिणी त्याच्यादेखत त्याच्या लग्नाच्या गोष्टी करायचो आणि तो समोर बसून निवांत पाव चावत असायचा.

या धाकट्याला लढाईचं वेड लागलं. वेड लागायला काय, भिंती रंगल्या होत्या सगळ्या. ज्याच्या त्याच्या तोंडी देश. भट्टीवर पाव घ्यायला येणारी म्हातारीकोतारी माणसंसुद्धा त्याला खोचून विचारायची, "काय रे, तू अजून इथंच?" ज्यांचे स्वतःचे गुडघे चालत नाहीत त्यांना दुसऱ्याच्या पोराच्या पायांची फार घाई असते. धाकट्याचं वय भरतीला थोडंसं कमी पडत होतं. अशा मुलांसाठी नियम होता की आईनं स्वतः भरतीसाहेबासमोर येऊन "माझी हरकत नाही" म्हणायचं. ताई जात नव्हती. तो रुसायचा, जेवणावरून उठायचा, दोन दोन दिवस आईशी बोलायचा नाही.

"दादा गेला तेव्हा तू रडली नाहीस," तो म्हणायचा. "माझ्याच वेळी का अडवतेस?"

"दादाला विचारू," ताई म्हणायची. "तो म्हणाला ये, तर मी स्वतः तुला घेऊन जाईन."

पण विचारणार कसं? थोरल्याची पत्रं यायची ती छापील. "मी खुशाल आहे" एवढं आधीच छापलेलं, खाली नुसतं त्याचं नाव. जिवंत आहे, एवढंच त्यावरून कळायचं. ताई त्या नावावरून बोट फिरवायची आणि कागद पिठाच्या डब्यामागे ठेवून द्यायची.

अशातच आमच्या गावच्या थिएटरात ते चित्र आलं. मातृभूमीची हाक की असंच काहीतरी मोठ्ठं नाव होतं. भरतीवाल्यांनीच आणलं होतं, गिरणीच्या सुटीच्या दुपारी, सगळ्यांना फुकट. फुकट म्हटल्यावर अख्खं विणाईखातं लोटलं. धाकटाही आमच्याबरोबर होता, केस पाण्यानं चापून बसवलेले. भरतीसाहेबानं बाहेरच्या पडवीत टेबल मांडून ठेवलं होतं, म्हणजे चित्र बघून रक्त तापलं की ते थंड व्हायच्या आत माणूस टेबलाशी पोचावा. चित्र मुकं, बोलणं मधूनमधून पडद्यावर पाट्यांवर लिहून यायचं. आमच्याकडे त्या पाट्या मोठ्यानं वाचायला एक माणूस ठेवला होता, कारण आमच्यातल्या निम्म्यांना लिहिलेलं वाचता येत नाही. त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. "मीठ संपलं" हे वाक्यसुद्धा तो सिंहासनावर बसून बोलल्यासारखं बोलायचा.

चित्र कसं होतं म्हणाल, तर जसं असायचं तसं. मातृभूमी म्हणजे एक गोरीपान बाई, पांढऱ्या झग्यात, हाताला साखळदंड. साखळदंड हलके असावेत, कारण रडताना ती ते सहज उचलून डोळे पुसत होती. शत्रू जाडा, मिशाळ, पोरांच्या हातातलं हिसकावून खाणारा. तो आला की पुढच्या बाकांवरची पोरं शिट्ट्या मारायची. मी ताईच्या कोपराला ढोसून ओठांनी म्हटलं, "हा तर आपला मुकादम." ताई हसली. ती अशी हसलेली मी त्यानंतर पाहिली नाही.

मग गोष्ट मध्येच थांबवून त्यांनी खरेखुरे सैनिक दाखवायला सुरुवात केली. भोंग्यानं वाचलं, "हे पाहा आपले वीर, प्रत्यक्ष रणभूमीवर." चिखल, पोती, तारा. दहाबारा पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी, कोणी विडी फुंकतंय, कोणी टोपी हलवतंय. कॅमेरावाल्यानं हसायला सांगितलं असणार, सगळे हसत होते. आणि त्यांच्यात तिसरा आमचा थोरला होता. केवढा वाळला होता. ताईनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

धाकटा ओरडलाच, "दादा."

थोरला एक पाऊल पुढं आला. हसतच होता. हसत हसतच त्यानं तोंड उघडलं आणि खात्यात बोलतो तसा बोलायला लागला, एकेक शब्द चावून, थेट आमच्याकडे बघत.

"आई, धाकट्याला पाठवू नकोस. कोणी काही म्हणो, पाठवू नकोस. आम्ही इथं नुसते मरतोय. कोणालाच पाठवू नका." आणि घाम पुसल्यासारखा अंगठा हनुवटीवरून आडवा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

त्याला काय सुचलं असेल त्या क्षणी, याचा मी पुढं कितीदा तरी विचार केला. हे चित्र गावोगाव फिरणार हे त्याला कळलं असेल, कधीतरी आमच्या गावीही येईल हेही कळलं असेल. कॅमेऱ्याला कान नव्हते आणि आम्हाला कान लागत नव्हते. पोरगं हुशार होतं हो.

मग पडद्यावर पाटी आली आणि भोंगा गरजला, "आई, माझ्या भावालाही पाठव!"

त्याचा आवाज विरेपर्यंत हॉलमधले हात वर गेले होते. ताईचा, माझा, पुढच्या रांगेतल्या, मागच्या रांगेतल्या, विणाईखात्यातल्या एकूण एक बाईचा. ठरवून नाही. ओठांवरून निरोप आला की हात वर जातो, अंगात भिनलेलं असतं ते. कोणी हूं केलं नाही. अंधारात नुसते हात.

मागं उभ्या असलेल्या भरतीसाहेबाला ते हात दिसले आणि गडी खूश झाला. त्याला वाटलं, पाटीला उत्तर आलं. त्यानं टाळ्या वाजवल्या.

पण चित्र संपल्यावर बायका आपापल्या पोरांची मनगटं धरून टेबलापासून लांबून, भिंतीच्या कडेकडेनं निघून गेल्या. टेबलाशी भट्टीचा मालक तेवढा गेला आणि त्याला तळपाय सपाट आहेत म्हणून परत पाठवलं.

धाकटा घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हता. "ऐकलंस ना आई? दादा स्वतः म्हणाला. आता काय सांगशील?"

ताईनं दार लावलं आणि त्याला खरं काय ते सांगितलं. शब्दन् शब्द. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला, मग रागानं लाल झाला.

"पाटीवर लिहिलं होतं."

"पाटी लिहिणारा तिथं नव्हता, बाळा. त्यानं नुसतं पोरांना हसताना बघितलं आणि मनचं लिहिलं."

"आणि तू तिथं होतीस? तोंड हलताना दिसलं की त्यात हवं ते भरता येतं, आई. तुला मला सोडायचं नाही ना, म्हणून तुला तेच दिसलं."

"अरे, मलाही तेच दिसलं," मी म्हटलं. "सगळ्या बायकांना दिसलं. हात वर केले ते उगाच?"

"देशासाठी केले. साहेब तसंच म्हणाले." तो उठून खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. "बरं, एकच शब्द बोलतो. ओळख." आणि त्यानं ओठ हलवले.

ताईनं जराही विचार केला नाही. "पाप," ती म्हणाली.

"मी 'बाप' म्हटलं," धाकटा म्हणाला. "समोरासमोर, उजेडात, तुला एक शब्द धड वाचता आला नाही. आणि एवढ्या लांबून, चिखलात उभ्या असलेल्या दादाची वाक्यंच्या वाक्यं वाचलीस?"

आता त्याला प, ब, म ची भानगड कशी समजावणार? मी समजवायला गेले, पण जितकं समजवावं तितकं ते सारवासारव केल्यासारखं वाटायला लागलं. 'पाठवू नकोस' मध्ये असा घोटाळा होत नाही, अंगठ्याची खूण असते, हे मी दहा वेळा सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तू तिचीच बहीण." आणि पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

दुसऱ्या दिवशी भट्टीवरून सुटल्यावर तो सरळ भरतीसाहेबाकडे गेला. वाईट मनात काही नव्हतं त्याच्या. त्याला वाटलं, एवढा मोठा शिकलेला माणूस, तो आईला दोन शब्द समजावून सांगेल. म्हणून त्यानं सगळं सांगितलं. आई म्हणते, दादा पाटीच्या उलट बोलतोय. साहेबांनी विचारलं, कुठला तुझा दादा? आणि यानं अभिमानानं सांगितलं, हसणाऱ्यातला तिसरा. नावही सांगितलं, पलटणही सांगितली.

संध्याकाळी आम्हा दोघींना थिएटरच्या मॅनेजरच्या खोलीत बोलावणं आलं. धाकटा दारातच उभा होता, चेहरा असा की आता सगळं सुरळीत होणार. साहेबानं त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. माणूस आवाज चढवणाऱ्यातला नव्हता. आम्हाला खुर्च्या दिल्या. टेबलावर फिल्मचा एक तुकडा पडला होता. तो उचलून त्यानं खिडकीच्या उजेडाशी धरला.

"तुमच्या मुलानं मला एक गंमत सांगितली," तो म्हणाला. "खरी आहे का, एवढंच विचारायचंय."

"साहेब, पोरगं काहीतरी बरळलं," मी म्हटलं. "आम्ही अडाणी बायका. आम्हाला कुठले ओठ वाचता येतायत?"

"मी तुमच्या मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, बायका दिवसभर तोंडं हलवत असतात. मी विचारलं, कशासाठी? त्याला सांगता येईना." त्यानं तो तुकडा खाली ठेवला. "बाई, आघाडीवर उभं राहून, सरकारी कॅमेऱ्यासमोर कोणी भरतीच्या विरुद्ध बोललं तर त्याला फितुरी म्हणतात. अशा माणसाला भिंतीशी उभं करून गोळ्या घालतात. मला तसं काही वर कळवायची इच्छा नाही. म्हणून आधी आईलाच विचारतो. तुमचा मुलगा काय म्हणाला?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. एरवी आम्ही लाख माणसांत उभ्या राहून बोललो असतो. पण तो माणूस आमच्या दोघींच्या तोंडांकडे टक लावून बघत होता. जन्मात पहिल्यांदा आम्ही बहिणी एका खोलीत मुक्या झालो.

"पाटीवर होतं तेच," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणाला, भावालाही पाठव."

"आणि सगळ्यांनी हात वर केले."

"कळलं म्हणून केले."

"अस्सं." तो खुर्चीत मागं टेकला. "मग एकच गोष्ट मला उमगत नाही. थोरल्यानं सांगितलं, तुम्हाला कळलं, तुम्ही हातही वर केला. तरी धाकटा अजून घरात कसा?"

तेव्हा मला कळलं की त्याला सगळं कळलंय. त्याला सत्य नकोच होतं, त्याला पोरगा हवा होता. मला उठून त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले.

ताईनं विचारलं, "मी धाकट्याला पाठवलं, तर थोरल्याचं काही होणार नाही?"

"ज्या आईनं दुसराही मुलगा दिला," तो म्हणाला, "तिच्या पहिल्यावर संशय कोण घेईल? मी तसं काही कळवणारच नाही."

तिनं मान हलवली. एवढीशीच. साहेबानं दार उघडून धाकट्याला आत घेतलं.

"तुझ्या आईला काही सांगायचंय," तो म्हणाला, आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

ताई उभी राहिली. "माझी हरकत नाही," ती म्हणाली. "जाऊ दे त्याला."

"आणि दादा काय म्हणाला होता?" धाकट्यानं विचारलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला ते तिच्या तोंडून हवंच होतं.

"पाटीवर होतं तेच."

"मग मला खोटं का सांगितलंस, आई?"

साहेबाची पाठ आमच्याकडे होती, पण त्याचे कान होते. ताईनं एकदा ओठ ओले केले.

"तू जवळ हवा होतास," ती म्हणाली. "म्हणून."

धाकटा पुढं आला आणि त्यानं तिच्या खांद्याभोवती हात टाकला. भट्टीच्या पिठाचा वास येत होता त्याच्या कपड्यांना. "असू दे," तो तिला म्हणाला, लहान मुलाची समजूत घालावी तसा. "मी रागावलो नाही. आईच ना तू. असू दे."

असं त्यानं तिला माफ केलं. मोठ्या मनाचं पोरगं, अगदी मनापासून केलं. मी ते बघत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं.

बाहेर पडल्यावर तो भट्टीवर सांगायला पुढं पळाला. आम्ही दोघी गिरणीच्या लांबलचक भिंतीच्या कडेनं चाललो होतो. रात्रपाळीचे माग सुरू झाले होते, भिंत हाताला थरथरत होती, अशा गोंगाटात काहीही बोलता आलं असतं. ताई थांबली. माझ्याकडे वळून तिनं ओठ हलवले, आवाज न काढता, नीट चावून.

"धाकटा तिकडं पोचेल," ती म्हणाली. "थोरला त्याला बघेल. आणि त्याला वाटेल, आईला वाचताच आलं नाही."